माहेर या शब्दासमोर

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या थोरलीने मला विचारलं, "आजी, माहेरला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?" तिला कॉलेजात आपला समाज आणि संस्कृती यांवर काही लिहायचं आहे आणि त्यासाठी शब्दांची यादी हवी आहे. मुंज, वरात, सोवळं, एकत्र कुटुंब, सगळं मी भराभर सांगितलं. माहेरापाशी आले आणि म्हणाले, "आवाज तुटतोय गं, नंतर बोलू." आवाज तुटत नव्हता. तुमची आत्या माझ्या शेजारी बसून शेंगा सोलत होती. ती ताट तसंच ठेवून आत गेली.

तिला तुम्ही आँट म्हणता. ती तुमची आत्या, तुमच्या बाबांची धाकटी बहीण. ती जोगेश्वरीला माझ्याजवळ का राहते, तिची मुलगी लहानपणी आमच्याच घरी का वाढली, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. विचारलं असतं तर तुमच्या बाबांनी विषय बदलला असता. आजोबा आता नाहीत. आत्या सांगणार नाही. हे क्रमाने सांगू शकेल अशी मी एकटी उरले आहे आणि मी सत्तरी ओलांडली आहे. आत्याला विचारूनच लिहायला बसले. ती म्हणाली, "लिही. मला वाचायला देऊ नकोस."

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, साधारण मधल्या वर्षांतली. आपली सोसायटी तेव्हा नवी होती. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, आणि गच्चीवरून लेण्यांच्या बाजूची झाडी दिसायची. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. एका कचेरीत पत्रव्यवहाराच्या टेबलावर बरीच वर्षं काम केलं होतं. त्यामुळे सोळा घरांत कुणालाही इंग्रजीत अर्ज लिहायचा असला की तो माझ्याकडे यायचा. टेलिफोनचा अर्ज, शाळेचा दाखला, पालिकेकडे पाण्याची तक्रार. मी आधी कच्चं लिहायचे, मग पक्कं, आणि कच्च्याची प्रत फाइलला लावून ठेवायचे. माझ्या पत्रात चूक निघत नाही असं लोक म्हणायचे. मलाही ते खरं वाटायचं.

आत्याचं लग्न ठरलं ते परदेशात नोकरी करणाऱ्या इंजिनिअरशी. मुलगा मराठी, घर पाहण्यातलं. लग्नानंतर दीड महिन्यांनी ती त्याच्याकडे जाणार होती. मी तिच्यासाठी एक वही केली. दोनशे पानी, प्रत्येक पानाच्या मधोमध पट्टीने उभी रेघ. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी.

"आई, ही काय शाळा आहे?" ती म्हणाली.

"तिथले लोक विचारतील. मंगळसूत्र का घालता, हळदीकुंकू म्हणजे काय. तेव्हा तुझं ततपप व्हायला नको."

"ते लोक फक्त हवेबद्दल विचारतात. मला सांगितलंय ह्याने."

तरी रोज संध्याकाळी आम्ही दोघी वही घेऊन बसायचो. नवस म्हणजे व्हाउ, ओटी भरणं म्हणजे काय यावर तीन ओळी, मानपान लिहून खोडलेलं. 'जाऊ' या शब्दासमोर मी 'हजबंड्स ब्रदर्स वाइफ' लिहिलं, तेव्हा ती म्हणाली, "त्यांच्यात जाऊच नाही का? मज्जा आहे यार त्यांची." आजोबा पेपरामागून हसले.

माहेर या शब्दासमोर मी लिहिलं, पेरेंट्स होम.

तिने ते वाचलं आणि मान हलवली. "हे नाही चालणार. पेरेंट्स होम तर दादाचंही आहे हे घर. म्हणजे हे काय दादाचं माहेर आहे?"

"इंग्रजीत तेवढंच आहे."

"मग नाही आहे म्हणून लिही ना."

"चालतं गं. त्यांना तेवढं कळतं."

हे बोलणं मी नंतर हजार वेळा आठवलं आहे. पंचविशीही न गाठलेल्या मुलीला जे दिसलं ते मला, बी.ए. झालेल्या बाईला, दिसलं नाही. मी उरलेले शब्द पुरे केले, वहीला तपकिरी कव्हर घातलं आणि तिच्या बॅगेत साड्यांच्या मध्ये ठेवली.

ती गेली. पत्रं येत राहिली, निळ्या पातळ कागदावर, कडेपर्यंत लिहिलेली. वर्षभराने कळलं की दिवस गेले आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्याकडे विचारण्यासारखं काही नव्हतं. जावयाचंही पत्र आलं, की तिथे आम्ही दोघंच, माझी नोकरी अशी, तुमच्याकडे तिची नीट काळजी होईल. सातव्यात ती आली. पाय सुजलेले आणि गालावर नवं तेज. आल्या आल्या तिने पोहे मागितले आणि सोफ्यावर पाय वर घेऊन खाल्ले. पाहुणी नाही आणि घरातलीही नाही, अशी जी एक मोकळीक असते, ती तिच्या बसण्यात होती. माहेर म्हणजे ते बसणं. पण ते वहीत लिहायचं कसं?

ती येऊन तीन आठवडे झाले असतील. जावयाचं मला पत्र आलं, मराठीत. त्याने लिहिलं होतं की इथल्या कागदपत्रांसाठी तुमच्या हातचं एक इंग्रजी पत्र हवं आहे. ती तिथे का आली आहे एवढंच लिहा. तुमचं इंग्रजी उत्तम आहे म्हणून तुम्हालाच त्रास देतो.

मला आनंद झाला. हे मी लपवत नाही.

मी कच्चं लिहिलं. त्यात 'फॉर हर फर्स्ट डिलिव्हरी' असे शब्द होते. मग मला वाटलं, हे पत्र परक्या कचेरीतले परके पुरुष वाचणार. आमच्या शिक्षिका सांगायच्या की सभ्य इंग्रजीत अशा गोष्टी आडून सांगाव्यात. मी ते शब्द खोडले आणि पक्क्या पत्रात लिहिलं, 'इन हर प्रेझेंट कंडिशन'. म्हणजे तिच्या सध्याच्या अवस्थेत. त्या शब्दांच्या आधीचं वाक्य असं होतं: 'शी हॅज लेफ्ट हर हजबंड्स हाऊस अँड रिटर्न्ड टू हर पेरेंट्स होम, अ‍ॅज इज द कस्टम इन अवर सोसायटी.' सासरहून माहेरी आली आहे, आपल्यात तशी रीत आहे. मी हेच लिहिते आहे असं मला वाटत होतं. खाली सही केली, तारीख घातली. आजोबांनी पत्र पेटीत टाकलं.

मुलगी झाली. जावयाला तार केली. उलट तार आली नाही, पत्रही नाही. बारसं झालं तेव्हा आम्ही पाहुण्यांना सांगितलं की त्याला रजा मिळाली नाही. आत्या रोज दुपारी पोस्टमनच्या वेळेला बाळाला खांद्यावर घेऊन दाराशी उभी राहायची आणि वर आम्हालाच सांगायची, "हिला दारात वारा बरा लागतो."

बाळ दोन महिन्यांचं होत आलं तेव्हा रजिस्टर पत्र आलं. पाठवणारा तिकडचा वकील. पत्रात होतं की पत्नी पतीचं घर सोडून आईवडिलांकडे परत गेली आहे, तिच्या आईने ते स्वतःच्या हस्ताक्षरात मान्य केलं आहे, आणि तिच्या सध्याच्या अवस्थेत ती संसार पुन्हा सुरू करण्याची शक्यता दिसत नाही. म्हणून घटस्फोटासाठी अर्ज केला आहे. उत्तर एकवीस दिवसांत. सोबत माझ्या पत्राची झेरॉक्स होती. माझ्या वाक्याखाली पट्टीने रेघ मारली होती.

मी ते उभ्याने वाचलं. मग आत्याने हात पुढे केला आणि मला ते द्यावं लागलं.

ती बराच वेळ वाचत राहिली. "हे तू लिहिलंस?"

"हो."

"डिलिव्हरी शब्द कुठे आहे यात?"

"परक्या लोकांना तसं लिहायचं म्हणून मी..."

"लाज वाटली तुला?"

आत बाळ रडायला लागलं. ती गेली आणि दार लोटून घेतलं.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. मी नीटनेटकी बाई आहे, माझ्या फाइली अजून लावलेल्या आहेत, पण त्या तीन आठवड्यांची फाइल पाहिली तर कागद उलटसुलट आहेत. एका पानावर एकच वाक्य मी अकरा प्रकारे लिहिलेलं आहे. जेवण करताना मध्येच हात पुसून मी डिक्शनरी उघडायचे. अंधेरीच्या वाचनालयात जाऊन समाजशास्त्राची जाडी पुस्तकं काढून बसायचे. एकात 'नेटल होम' सापडलं. मला वाटलं, सापडलं. मग वाटलं, हे जन्मघर झालं, यात सासर कुठे आहे? सासर नसेल तर माहेर कसलं?

अंधेरीलाच एक वकील होते, आजोबांच्या ओळखीचे. ते म्हणाले, "बाई, बाळंतपणाला इंग्रजीत कन्फाइनमेंट म्हणतात. कोर्टाला शोभेल असा शब्द आहे."

"त्याचा अर्थ कोंडून ठेवणं असाही होतो."

"तो संदर्भाने कळतो."

"माझं आधीचं पत्रही संदर्भाने कळायला हवं होतं," मी म्हणाले.

ते म्हणाले की तुमच्यात अशी रूढी आहे हे दाखवा. निवेदन करा, त्यावर आसपासच्या जाणत्या लोकांच्या सह्या घ्या. मुदत संपायच्या आत ते पोचलं पाहिजे.

मी निवेदन लिहिलं आणि जिना चढउतार करू लागले. दुसऱ्या मजल्यावर आमचे सेक्रेटरी राहायचे. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि 'कस्टम इन अवर सोसायटी' या शब्दांवर बोट ठेवलं.

"मी सही करतो वहिनी, पण असा काही ठराव आपल्या सोसायटीत झालेला नाही."

"सोसायटी म्हणजे समाज हो. आपली बिल्डिंग नव्हे."

"मग स्टँप मारू की नको?"

इतर कोणत्याही दिवशी मी हसले असते. त्या दिवशी मी जिन्यात उभी राहून विचार केला की आमचे सेक्रेटरी मराठी, मीही मराठी, एकाच जिन्याने वर जातो, आणि या एका शब्दाचे दोन अर्थ घेऊन उभे आहोत. मग समुद्रापलीकडचा तो न्यायाधीश काय वाचत असेल?

तळमजल्यावर एक मालवणी कुटुंब होतं. नवरा आधी गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर दिंडोशीच्या एका वसाहतीत पाणी सोडायच्या कामावर लागला होता. त्याची बायको माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान, मला वैनी म्हणायची. आत्याला बाळंतपणात तेल लावायला हीच यायची. मी तिच्याकडे कागद नेला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं मराठीत वाचून दाखवलं, आधी निवेदन, मग माझं पहिलं पत्र.

"चेडू पयल्या बाळंतपणाक म्हायेराक येता," ती म्हणाली, "ह्येका कागद कित्याक व्हयो?"

"त्यांच्याकडे तशी रीत नाही."

"नसांदे." तिने सूप खाली ठेवलं. "पण वैनी, तुमी 'परत इली' असा कित्याक लिवलात? परत येता ती टाकलेली. माझी थोरली येता ती बाळंतपणाक येता. परत नाय येणा."

मी कागदाकडे पाहिलं. रिटर्न्ड. परत आली.

तिने शोधलं नव्हतं, डिक्शनरी पाहिली नव्हती. तिने फक्त ऐकलं होतं. मराठीत मी हे वाक्य जन्मात बोलले नसते. मुलगी परत आली, असं आपल्याकडे कुजबुजत म्हणतात, आणि ज्या घराबद्दल म्हणतात त्या घरावरून जाताना लोक मान खाली घालतात. मी इंग्रजीत लिहायला बसले आणि माझेच कान बंद केले. इंग्रजी चुकलं नव्हतं. व्याकरण शुद्ध होतं. म्हणूनच त्या वकिलाला ते हवं तसं वापरता आलं.

"माझी चूक झाली," मी तिला म्हणाले. ही गोष्ट मी आत्याला अजून म्हणाले नव्हते.

"शिकलेल्यांक कोण चूक झाली म्हणणा नाय, ह्याच वायट," ती म्हणाली आणि पेन मागितलं. एकेक अक्षर काढत तिने सही केली. सात सह्या झाल्या. त्यातली तिची सगळ्यात मोठी आहे.

मी पाच पानी पत्र लिहिलं. त्यात डिलिव्हरी हा शब्द नऊ वेळा घातला. माहेर हा शब्द तसाच ठेवून खाली अर्ध्या पानाची टीप दिली. निवेदन जोडलं, बाळाच्या जन्माचा दाखला जोडला, आणि सगळं अठराव्या दिवशी पोचेल अशा हिशेबाने रवाना केलं.

त्याच आठवड्यात आत्याने त्याला फोन केला. रविवारी सकाळी ट्रंक कॉल लावला, दोन तासांनी लागला. बाळ माझ्या मांडीवर होतं. मला तिची एकच बाजू ऐकू येत होती.

"मी आहे. हो. बरी आहे, तुझ्यासारखीच दिसते. ऐक ना, मी येतेय. तिकिटाचं बघ तू, आम्ही दोघी येतो." मग ती बराच वेळ ऐकत राहिली. "अरे ते आईने लिहिलंय, मी नाही." पुन्हा ऐकलं. "मी कुठे गेलेय सोडून? तूच म्हणालास ना, जा म्हणून?" मग तिने रिसीव्हर कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडून काही येत नव्हतं हे मला दिसत होतं.

"काय म्हणाला?" आजोबांनी विचारलं.

"म्हणाला, तुझ्या आईने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय, आता मी काय करणार."

त्याने ते पत्र मुद्दाम मागवलं होतं, की खरंच कुठल्या कागदपत्रांसाठी हवं होतं आणि नंतर त्याला उपयोग सुचला, हे मला आजही माहीत नाही. आजोबा म्हणायचे, पत्र नसतं तर त्याने दुसरं काही काढलं असतं. असेल. पण निघालं ते माझं पत्र.

माझ्या पाच पानांना तिकडच्या वकिलाने चार ओळींचं उत्तर पाठवलं. पहिलं पत्र स्पष्ट आणि स्वेच्छेने लिहिलेलं आहे. दुसरं म्हणजे 'आफ्टरथॉट'. नंतर सुचलेलं. शब्द अगदी बरोबर होता. मला ते सगळं नंतरच सुचलं होतं. तिथे जाऊन कोर्टात उभं राहणं आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. काही महिन्यांनी निकालाची प्रत आली. त्यात कारण म्हणून एक शब्द होता, डिझर्शन. नवऱ्याला टाकून जाणं. मला त्याचा अर्थ माहीत होता. तरी मी डिक्शनरी उघडून पाहिलं, दुसरा काही अर्थ निघतो का म्हणून.

त्या दिवशी आत्याने बाळाला न्हाऊ घातलं, धुरी दिली, झोपवलं. दुसऱ्या दिवशी ती सोफ्यावर बसली होती, पाय खाली सोडून, आणि मला म्हणाली, "आई, तुझं बरोबर होतं बघ."

"कशात?"

"पेरेंट्स होम. आता तेच आहे हे. सासर नाही म्हटल्यावर माहेर कुठलं?"

ती टोमणा मारत नव्हती. वहीतला शब्द दुरुस्त करावा तसं साधं बोलली. तेव्हा मी म्हणाले, माझी चूक झाली. ती म्हणाली, "माहितीये मला. मुगाची खिचडी टाकू का?" तिच्या आणि माझ्यात त्या विषयावर झालेलं हे शेवटचं बोलणं. पुढे तिने मरोळला एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी धरली. मुलीला मी सांभाळलं. सोफ्यावर पाय वर घेऊन ती पुन्हा कधी बसली नाही. निदान मी पाहिलं नाही.

मी सोसायटीतल्या लोकांचे अर्ज लिहिणं बंद केलं. सेक्रेटरी दोनदा येऊन गेले. मी सांगितलं, डोळे दुखतात.

थोरले, तू विचारलंस त्याचं हे उत्तर आहे. लांबलं. तुझ्या यादीत काय लिहायचं ते तूच ठरव. नेटल होम चालेल असं तुझे प्राध्यापक म्हणतील, आणि कदाचित चालेलही.

ती वही आत्याने येताना बरोबर आणली होती. बॅगेत, साड्यांच्या मध्येच. तपकिरी कव्हर फाटलं म्हणून मी नवं घातलं आहे. ती माझ्या कपाटात दुसऱ्या खणात आहे, सात सह्यांच्या कागदाच्या प्रतीसोबत. माहेर या शब्दासमोरचं मी खोडलेलं आहे, आणि त्यापुढची जागा रिकामी आहे.